दारिया स्निगुर : १०४ च्या पलीकडचं टेनिस

बेसलाईनवाला

टेनिसवर इथे धागे निघतात ते जोकोविच, अल्काराझ, सिनर यांच्यावर. महिला टेनिसवर निघालाच तर श्वियांतेक किंवा साबालेन्का. क्रमवारीत शंभराच्या खाली ज्या शे-दोनशे मुली वर्षभर याच खेळावर पोट भरायचा प्रयत्न करतात, त्यांचं नाव आपल्या कानावर येतं ते कुणा मोठीला त्यांनी घरी पाठवलं तरच. दारिया स्निगुर त्यातलीच. कीवची, जन्म २७ मार्च २००२.

नाव आठवत नसेल, पण सामना कदाचित आठवेल. २९ ऑगस्ट २०२२, यूएस ओपनची पहिली फेरी, लुई आर्मस्ट्राँग स्टेडियम. समोर सातवी मानांकित सिमोना हालेप, नुकतीच टोरांटो जिंकून आलेली. स्निगुर पात्रता फेरीतून वर आलेली, क्रमांक १२४, वय वीस, आणि ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीतला तिचा हा पहिलाच सामना. पहिला सेट ६-२ घेतला. दुसरा ०-६ गेला. इथे बहुतेकांनी चॅनल बदललं असणार, कारण अशा सामन्यांचा तिसरा सेट कसा जातो हे आपल्याला पाठ असतं. तो तिने ६-४ जिंकला. कपड्यांवर निळी-पिवळी फीत लावली होती, हातांनी बदामाची खूण केली आणि रडली. विजय तिने युक्रेनला आणि घरच्यांना दिला. तेव्हा युद्धाला सहा महिने झाले होते.

मला यातली वेगळीच गोष्ट भावते. जुलै २०१९ मध्ये हालेपने सेरेनाला ६-२, ६-२ असं धुऊन विम्बल्डन जिंकलं, तेव्हा तिथेच मुलींच्या एकेरीचं विजेतेपद स्निगुरने घेतलं होतं. अंतिम सामन्यात अमेरिकेच्या अलेक्सा नोएलला ६-४, ६-४. युक्रेनसाठी ही स्पर्धा तिच्याआधी २००४ मध्ये कातेरिना बोंदारेन्कोने जिंकली होती, तीही अंतिम फेरीत आना इवानोविचला हरवून. म्हणजे एकाच वर्षीच्या विम्बल्डनच्या दोन विजेत्या तीन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये समोरासमोर उभ्या होत्या. एक त्यातला बराच काळ अव्वल दहात राहिलेली, दुसरी मुख्य फेरीचं दार ठोठावत बसलेली.

मधल्या काळात काय झालं? ज्युनियर विजेतीला पुढच्या वर्षी सहसा वाईल्ड कार्डची, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशाची, आशा असते. पण २०२० चं विम्बल्डनच रद्द झालं, दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदा. मार्च ते ऑगस्ट सगळाच दौरा बंद. सतरा-अठराव्या वर्षी जे दोन हंगाम शिकण्यात जायचे ते असे विस्कटले. ती घडी बसतेय तोवर २४ फेब्रुवारी २०२२ उजाडला आणि रशियाने युक्रेनवर हल्ला केला.

आता शीर्षकाबद्दल. ग्रँड स्लॅमच्या महिला एकेरीत १२८ जणी असतात. त्यातल्या १०४ क्रमवारीवरून थेट, ८ वाईल्ड कार्ड, १६ पात्रता फेरीतून. पात्रतेत पुन्हा १२८ जणी, आणि तीन सामने जिंकायचे. स्निगुरची कारकीर्द बहुतांशी या १०४ च्या रेषेच्या पलीकडच्या बाजूला गेली आहे. कधी रेषेला अगदी खेटून, कधी बरीच लांब. रेषेच्या आत असलेली मुलगी पहिल्या फेरीत हरूनही वर्षाची सोय करून जाते. बाहेरचीला त्याच कोर्टाच्या आसपास तीन सामने आधी जिंकावे लागतात, आणि मग तिच्यासमोर हालेप येते.

हालेपला हरवल्यावर दुसऱ्या फेरीत ती कॅनडाच्या रिबेका मरीनोकडून हरली. बातम्या तिथेच थांबल्या. पण ती खेळतच राहिली, आणि माझ्या मते तिची खरी कारकीर्द तीच आहे, जिच्यावर कुणी लिहीत नाही. जाणकारांनी भर घालावी.

मुक्ताई

छान विषय. विम्बल्डनचा योगायोग माहीत नव्हता. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

खडूस_काका

एक सामना जिंकला म्हणून धागा? उद्या एका षटकारावर लेखमाला काढाल. आणि त्या हालेपचं पुढे उत्तेजकाचं प्रकरण निघालं ना? मग कसला आलाय पराक्रम.

बेसलाईनवाला

काका, उलट विचार करा. हालेपच्या शरीरात रोक्साडुस्टाट हे बंदी असलेलं औषध सापडलं तो नमुना याच स्पर्धेतला. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिच्यावर तात्पुरती बंदी आली, मग चार वर्षांची शिक्षा, आणि मार्च २०२४ मध्ये क्रीडा लवादाने ती नऊ महिन्यांवर आणली. पदार्थ दूषित पूरक आहारातून आला असावा हे लवादाने मान्य केलं. ते काहीही असो, स्निगुरने हरवलं ते त्या हालेपला. यात तिचं श्रेय कमी कसं होतं?

मला वाईट याचं वाटतं की त्या सामन्याची आठवण आता हालेपच्या गोष्टीतली तळटीप म्हणून निघते. बंदीपूर्वीचा तिचा तो शेवटचा सामना होता ना, म्हणून. २०२५ च्या फेब्रुवारीत हालेप रोमानियातल्या क्लुजला निवृत्त झाली तेव्हाही आढावे आले, त्यात स्निगुरच्या वाट्याला फार तर एखादी ओळ.

आकडेमोड

गुणांचं गणित मांडतो, म्हणजे काकांना कळेल एक सामना म्हणजे काय.

महिला क्रमवारी गेल्या ५२ आठवड्यांच्या निकालांवर चालते. ग्रँड स्लॅममध्ये पात्रता फेरी पार केली की ४० गुण. मुख्य फेरीचा पहिला सामना हरली तर १०, जिंकून दुसऱ्या फेरीत गेली तर ७०. म्हणजे स्निगुरला त्या स्पर्धेतून ११० गुण मिळाले. हालेपकडून हरली असती तर ५०. शंभराच्या आसपासच्या खेळाडूच्या वर्षभराच्या कमाईत हा मोठा घास आहे.

दुसरी बाजू अशी की हे गुण उधारीचे असतात. पुढच्या वर्षीची यूएस ओपन उरकली की ११० गुण खात्यातून जातात, मग ती त्या आठवड्यात कुठेही असो. पुन्हा तेवढे मिळवले नाहीत तर घसरण. वरच्या खेळाडूंच्या खात्यात भरायला दर आठवड्याला मोठ्या स्पर्धा असतात. खालच्यांचं एक मोठं खातं रिकामं झालं की सगळा ताळेबंद कोसळतो. 'एक सामना जिंकली आणि गायब झाली' असं आपण म्हणतो तेव्हा निम्म्या वेळा हेच झालेलं असतं. तिचा खेळ पडलेला नसतो, कॅलेंडरचं पान उलटलेलं असतं.

आता पैसे. २०२२ च्या यूएस ओपनला पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही ८०,००० डॉलर होते, दुसऱ्या फेरीला १,२१,०००. तेव्हाच्या भावाने चौसष्ट लाख आणि सत्त्याण्णव लाख रुपये. ऐकायला डोळे फिरतात. त्यातून अमेरिकेचा कर, प्रशिक्षकाचा वाटा, फिजिओ, तीस-पस्तीस आठवड्यांचे विमान आणि हॉटेल वजा करा. शिवाय हा चेक दरवर्षी येत नाही. उरलेले आठवडे आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या छोट्या स्पर्धांमध्ये जातात. सगळ्यात खालच्या पायरीवर, म्हणजे डब्ल्यू१५ ला, संपूर्ण स्पर्धेचं बक्षीस १५,००० डॉलर. विजेतीला त्यातले सुमारे सव्वादोन हजार. पहिल्या फेरीत बाद झाली तर दीडशेच्या आसपास. तेवढ्यात परतीचं तिकीटही येत नाही.

खडूस_काका

गणित पटलं. पण मग नोकरी करावी. कोणी जबरदस्ती केलीय का टेनिसची?

सोनचाफा

काका, चहा घ्या 😄

डेक्कनकर

@आकडेमोड, हे जग पाहायचं असेल तर पुण्यातल्यांनी लांब जायची गरज नाही. डेक्कन जिमखान्यावर महिलांची आयटीएफ स्पर्धा अनेक वर्षं होत आली आहे. तिकीट नसतं. कोर्टाच्या जाळीला नाक लावून बघता येतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा धक्का बसला तो शांततेचा. प्रेक्षक कमी, खेळाडू स्वतःच बाटल्या भरतायत, सामना हरलेली मुलगी पायरीवर बसून फोनवर पुढच्या गावचं तिकीट बघतेय. टीव्हीवर दिसणारं टेनिस आणि हे, दोन्हीत चेंडू तेवढा सारखा.

आपल्याकडची उदाहरणं घ्या. अंकिता रैना पुण्यात हेमंत बेंद्रे सरांकडे घडली, एकेरीत १६० पर्यंत पोचली. ग्रँड स्लॅमच्या एकेरीची पात्रता फेरी किती वेळा खेळली असेल, मुख्य फेरी मात्र लागली नाही. ऋतुजा भोसलेने आधी टेक्सास ए अँड एम मध्ये शिक्षण घेतलं, मग व्यावसायिक खेळ, आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण. त्या आठवड्यापुरती घराघरात पोचली. नंतर पुन्हा आयटीएफच.

बेसलाईनवाला

@डेक्कनकर, कॉलेजचा मुद्दा चांगला काढलात. २०१९ च्या त्या मुलींच्या अंतिम सामन्यात हरलेली अलेक्सा नोएल कॉलेज टेनिसकडे वळली. आधी आयोवा, मग मायामी, आणि २०२४ मध्ये अमेरिकेचं आंतरविद्यापीठ एकेरी विजेतेपद तिने जिंकलं. जिंकलेली दौऱ्यावर गेली, हरलेली विद्यापीठात. कुणाचं बरं झालं हे इतक्यात ठरवायला मी धजणार नाही. पण अमेरिकन मुलीला तो दरवाजा घराशेजारी होता, एवढं मात्र खरं.

फोरहँड_फाटक

खेळावर कुणीच बोलत नाही, म्हणून मी. स्निगुरचं तंत्र पुस्तकात न बसणारं आहे. रॅकेट मागे नेते की नाही असा प्रश्न पडावा इतकं कमी मागे नेते. फटके सपाट, चेंडू उसळत नाही, घसरत येतो. समोरच्याला गुडघे वाकवून खेळावं लागतं. जोर स्वतःचा कमी, समोरच्याचा जोरच परत पाठवायचा. त्यामुळे गवतावर आणि जलद हार्ड कोर्टवर ती त्रासदायक, आणि मातीवर चेंडू उंच बसायला लागला की तिची बाजू लंगडी. हालेपला लय लागते ती लांबलेल्या रॅलीत. पहिल्या सेटमध्ये ती लय मिळालीच नाही.

प्रशिक्षक म्हणून तिला लारिसा सावचेंको लाभल्या. ल्विवमध्ये जन्मलेल्या, सोव्हिएत संघाकडून आणि पुढे नेलंड या नावाने लाटव्हियाकडून खेळलेल्या, दुहेरीतल्या दिग्गज. १९८९ चं फ्रेंच आणि १९९१ चं विम्बल्डन, दोन्ही नताशा झ्वेरेवाबरोबर. शिष्येच्या हातात जी नजाकत आहे तिचं थोडं श्रेय तिकडे द्यायला हवं.

या शैलीची अडचणही आहेच. सर्व्हिसमधून आयते गुण मिळत नाहीत. दर गुणाला मेहनत. आज महिला टेनिसमध्ये ताशी १८० किमीची सर्व्हिस नवलाची राहिलेली नाही, त्यात अशा खेळाला रोज घाम गाळून पोट भरावं लागतं. ती शंभराच्या बाहेर राहण्याचं कारण मला युद्धाइतकंच इथेही दिसतं.

सोनचाफा

@फोरहँड_फाटक, थोडं सहमत, थोडं असहमत. सर्व्हिसचं ठीक आहे, पण 'युद्धाइतकंच' हे पटत नाही. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनमधून प्रवासी विमानं उडतच नाहीत. स्पर्धेला जायचं म्हणजे आधी ट्रेन किंवा बसने पोलंड नाहीतर रोमानिया, मग तिथून विमान. घरी परतायचं तर तेच उलट. म्हणून बहुतेक जणी परतच जात नाहीत, परदेशात कुठल्यातरी अकादमीत खोली घेऊन राहतात. युद्ध सुरू झालं तेव्हा १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी झाली, म्हणजे वडील किंवा प्रशिक्षक बरोबर येणार तर खास परवानगी. टेनिसमध्ये किती मुलींचे वडीलच प्रशिक्षक असतात ते आठवून बघा.

युक्रेनच्याच यास्त्रेम्स्काचं उदाहरण आहेच. युद्ध सुरू झाल्यावर लगेच ओडेसाहून धाकट्या बहिणीबरोबर निघाली, आईवडील डॅन्यूबच्या काठावर राहिले, या दोघी बोटीने रोमानियात. तिथून फ्रान्समधल्या लियोंच्या स्पर्धेत वाईल्ड कार्ड मिळालं आणि थेट अंतिम फेरी. झांग श्वाईकडून तीन सेटमध्ये हरली आणि बक्षिसाचे पैसे युक्रेनच्या मदतीला दिले. पुढे २०२४ मध्ये क्रमांक ९३ असताना पात्रता फेरीतून ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य फेरीत. १९७८ नंतर तिथे पात्रता फेरीतून इतक्या पुढे गेलेली पहिलीच महिला.

खडूस_काका

मग यास्त्रेम्स्का जाते उपांत्य फेरीत आणि स्निगुर का नाही? युद्ध तर दोघींना एकच.

फोरहँड_फाटक

काका, पहिल्यांदाच मुद्द्याचं बोललात! यास्त्रेम्स्का जोरात मारते. लागलं तर दोन आठवडे कुणालाही आवरत नाही, नाही लागलं तर पहिल्या फेरीत सामान बांधते. स्निगुरकडे तो जुगार नाही.

कट्टेकरी

युक्रेनच्या मुली रशियन आणि बेलारूसी खेळाडूंशी हस्तांदोलन करत नाहीत, त्यावर काय मत आहे लोकांचं? खेळात राजकारण आणू नये. रशियन मुलींनी काय केलंय?

सोनचाफा

खेळात राजकारण यांनी आणलं नाही, यांच्या घरावर आलं. युक्रेनच्या कॉस्त्युकने बेलारूसच्या साबालेन्काशी हात मिळवला नाही म्हणून २०२३ मध्ये पॅरिसच्या प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली. पंचवीस हजार फुटांवरून मतं द्यायला आपल्याला काय जातं? तिचीच देशबांधव सुरेन्को त्याच वर्षी इंडियन वेल्सला साबालेन्काविरुद्धचा सामना सुरू होण्याआधीच सोडून आली, कारण तिला पॅनिक अटॅक आला होता. युक्रेनचा सेर्गेई स्ताखोव्स्की, ज्याने ११६ क्रमांकावर असताना विम्बल्डनला फेडररला हरवलं होतं, निवृत्तीनंतर बंदूक घेऊन कीवच्या रस्त्यांवर होता. ज्या मुली हे बघत वाढल्या त्यांना 'हात मिळव आणि हस' म्हणणं मला जमत नाही.

कट्टेकरी

पण साबालेन्काने वैयक्तिक काय वाईट केलं हा प्रश्न उरतोच. बाकी चालू द्या.

व्यवस्थापक

या धाग्यात युद्धाच्या कारणांवर चर्चा नको, त्यासाठी वेगळा धागा आहे. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

हैद्राबादी_चाय

आपल्याकडचा युक्रेनी धागा कुणी काढलाच नाही! सानिया मिर्झा बाळंतपणानंतर परत आली ती जानेवारी २०२० मध्ये होबार्टला, आणि जोडीदार होती नादिया किचेनोक. पहिल्याच स्पर्धेत दुहेरीचं विजेतेपद. अंतिम फेरीत पेंग श्वाई आणि झांग श्वाईला ६-४, ६-४. नंतर मेलबर्नला सानियाची पोटरी दुखावली आणि पहिल्याच फेरीत सामना सोडावा लागला, नाहीतर ती जोडी काय रंगली असती.

नादियाची जुळी बहीण ल्युद्मिला. एकेरीत दोघींनाही फार वर जाता आलं नाही, म्हणून दुहेरीत जम बसवला. ल्युद्मिलाने २०२३ ला पाविचबरोबर विम्बल्डनचं मिश्र दुहेरी जिंकलं आणि २०२४ ला ओस्तापेन्कोबरोबर यूएस ओपन, तेही स्वतःचं लग्न पुढे ढकलून. क्रमवारीत शंभराच्या बाहेर अडकलेल्यांसाठी हा एक शहाणा रस्ता आहे. स्निगुरने तो का धरला नसावा?

फोरहँड_फाटक

दुहेरीला सर्व्हिस आणि नेट हवं. तिच्या प्रशिक्षक दुहेरीच्या महाराणी असूनही खेळ बेसलाईनचा, हीही एक गंमत.

मेलबर्नची_माई

सध्या मला भावलेली युक्रेनी खेळाडू म्हणजे ओलेक्सांद्रा ओलियनीकोवा. अंगभर टॅटू, चेहऱ्यावर रंगाने काढलेली चित्रं, आणि फटके आकाशात चंद्राकडे सोडल्यासारखे. समोरची वैतागते. २०२१ मध्ये क्रमवारीत सहाशेच्याही मागे असताना तिने स्वतःच्या उजव्या दंडाचा एक तुकडा, पंधरा बाय आठ सेंटिमीटर, डिजिटल मालमत्ता म्हणून लिलावात काढला होता. घेणाऱ्याने तिथे हवं ते गोंदवून घ्यावं. पाच हजार डॉलरच्या वर मिळाले. वरचा डब्ल्यू१५ चा हिशोब वाचल्यावर हा वेडेपणा वाटेनासा होतो.

तेव्हा ती क्रोएशियाकडून खेळायची, कारण घरचे लोक राष्ट्राध्यक्ष यानुकोविचच्या काळात देश सोडून तिकडे आश्रयाला गेले होते. युद्ध लागल्यावर उलट युक्रेनकडे आली. आता राहते आणि सराव करते कीवमध्येच, वडील सैन्यात. या वर्षी, २०२६ ला, इथे ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये गतविजेती मॅडिसन कीजसमोर पहिला सेट टायब्रेकपर्यंत नेला. ७-६, ६-१ ने हरली, पण त्या पहिल्या सेटला प्रेक्षक तिच्याच बाजूचे झाले होते.

मुक्ताई

दंडाचा लिलाव!! वाचनखूण साठवली.

आकडेमोड

@मेलबर्नची_माई, पाच हजार डॉलर म्हणजे डब्ल्यू१५ दोनदा जिंकण्याएवढे. दोन आठवडे, दहा सामने, एकही हार नाही. दंड स्वस्तात पडला म्हणायचा.

खडूस_काका

बरं, एवढं वाचल्यावर बघावंसं वाटतंय. या पात्रता फेऱ्या दिसतात कुठे? आमच्या टीव्हीवर तर मुख्य फेरीचंही अर्धंच दाखवतात.

जर्सीकर

काका, पोरांकडे न्यू जर्सीला येणार असाल तर ऑगस्टमध्ये या. यूएस ओपनच्या आदल्या आठवड्यात पात्रता फेरी असते आणि प्रवेश फुकट. मॅनहॅटनमधून ७ नंबरची ट्रेन, मेट्स-विलेट्स पॉइंटला उतरायचं. सकाळी लवकर पोचा, बाहेरच्या छोट्या कोर्टांवर पहिल्या रांगेत बसायला मिळतं. टोपी आणि पाणी घ्या, आत पाण्याची बाटली घ्यायची म्हणजे खिसा हलका. आणि मोठ्या खेळाडूंचा सराव बघायला गर्दी जाते तिकडे जाऊ नका. चार नंबरपासून सतरा नंबरपर्यंतची कोर्टं फिरा, तिसऱ्या फेरीच्या दिवशी. हरली तर तिथेच संपलं आणि जिंकली तर नाव मुख्य ड्रॉमध्ये, असे सामने दिवसभर चालू असतात.

खडूस_काका

व्हिसा आहे. सुनेला विचारतो.